बाजारातच सोडा

वाचनालयात एक जुनी गुप्तहेर कादंबरी उघडली आणि पिवळ्या पानांचा कुबट वास आला. पहिल्याच पानावर शहरातला चोर 'काळा, जंगली' होता. मला राजुऱ्याचा आठवडी बाजार आठवला.

सराफाच्या दुकानातून साखळी गेली होती. पोलिसांनी मध विकणाऱ्या माझ्या दादाला धरलं, तो गोंड म्हणून. माय ठाण्याच्या पायरीवर बसली, ती हललीच नाही. दुपार कलताना साखळी सराफाच्या भाच्याकडे सापडली.

हवालदार म्हणाला, "जा घेऊन याले."

माय म्हणाली, "बाजारातून धरून आनलं ना साहेब? मंग बाजारातच नेऊन सोडा. सगळ्यायले दिसू द्या."

भीतीनं मी तिचा पदर ओढत होते. आज कळतं, दादाला पुन्हा त्याच बाजारात बसायचं होतं.

शेवटी हवालदार दादाला घेऊन बाजाराकडे निघाला. माय सगळ्यांच्या पुढे चालत होती.