सात फोटोंतली सावली

पोपटराव शेलारांचा कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्याने दुधात पाणी घातलंच असणार, शेजाऱ्याने आपला पेपर आधी वाचून मग दारात टाकला असणार, आणि एखादं गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोच्या आठ प्रती मागतंय म्हणजे त्यातल्या दोन तरी कुठल्यातरी भानगडीसाठी असणार, हे ते धरूनच चालायचे. टेंभी नाक्याजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कामाला माणूस चोख. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही रोल खराब झाला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे.

अशा माणसाची मुलगी रोज पहाटे धावायला जायला लागली, तर त्याला झोप कशी लागावी? सुमेधा एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. सहा महिने झाले, साडेपाचला बूट घालून जी बाहेर पडायची ती सातला घामाघूम होऊन परत यायची.

"धावायला म्हणजे नक्की कुठे जाते ही?" पोपटराव बायकोला विचारायचे.

"जाते तिथून परत येते ना? मग झालं," कलावती म्हणायची आणि कणीक मळायला घ्यायची. ती स्वतः पहाटे घंटाळीच्या देवळात जायची, त्यामुळे तिच्याकडून काही कळण्याची आशा नव्हती. आणि पोपटराव आठच्या आत उठणाऱ्यांतले नव्हते. संशय कितीही मोठा असला तरी त्यासाठी पहाटे उठायचं त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी त्यांनी दूधवाल्याला, भगवानला, आडून आडून विचारलं.

"एकटी नसते ताई," भगवान म्हणाला. "सोबत असतं कुणीतरी, टोपी घातलेलं. अंधारात नीट दिसत नाय."

पोपटरावांच्या मनात पाल चुकचुकली. ते घरात काहीच बोलले नाहीत. पुरावा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पुरावा आपल्या पायांनी चालत आला. एक्याण्णव सालच्या डिसेंबरात ठाण्यातल्या क्रीडा मंडळाने एक नवीनच स्पर्धा काढली. स्पर्धकाला सात कोडी द्यायची. प्रत्येक कोड्यात ठाण्यातली एक जागा लपलेली. ती ओळखायची, धावत तिथे जायचं, त्या जागेसमोर आपला फोटो काढून घ्यायचा आणि दोन तासांत परत यायचं. फोटो कुणीही काढलेला चालेल, रस्त्यावरच्या माणसाने काढला तरी हरकत नाही. रंगीत रोल धुऊन यायला चार दिवस लागतात, म्हणून सगळ्यांना काळ्या-पांढऱ्याचे रोल दिले होते, आणि ते धुण्याचं काम अर्थातच पोपटरावांकडे. संध्याकाळी पाचला निकाल. पाचपर्यंत ज्याचे सात फोटो मंडळाच्या टेबलावर नसतील, तो बाद. सुमेधानेही नाव दिलं होतं.

त्या रविवारी पोपटराव डोंबिवलीला एका लग्नाच्या ऑर्डरीवर आदल्या रात्रीच गेलेले. दुपारी आले तेव्हा रोल येऊन पडले होते. त्यांनी सुमेधाचा रोल सगळ्यात आधी घेतला, आणि ते काही मायेपोटी नव्हे.

लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर सुमेधा उमटायला लागली. तलावपाळीच्या कठड्याशी, घंटाळीच्या देवळासमोर, माजिवड्याच्या नाक्यावर. हसरी, घामेजलेली, केस कपाळाला चिकटलेले. लेक किती छान दिसते आहे, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग त्यांचं लक्ष फोटोच्या खालच्या कडेकडे गेलं. तिथे फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. डोक्यावर टोपी, एक कोपर छातीशी घट्ट, दुसरं वर उचललेलं.

दुसऱ्या फोटोत तीच सावली. तिसऱ्यात तीच. सातही फोटोंत तीच टोपी आणि तेच कोपर!

म्हणजे फोटो रस्त्यावरच्या माणसांनी काढलेले नव्हते. कुणीतरी पोरीबरोबर सातही ठिकाणी धावलं होतं. आणि तो कुणी ऐरागैरा नव्हता. फोटो सरळ, उजेड बरोबर, सुमेधा चौकटीत किंचित एका बाजूला, आणि एकाही फोटोत पाय कापलेले नाहीत. उभ्या माणसाचे पाय कापायचे नाहीत, ही शेलार स्टुडिओची शिकवण. ती आपण कुणाला दिली? पोपटरावांना एकच नाव आठवलं. चंदू. पूर्वी त्यांच्या हाताखाली काम शिकलेला, मग कळव्यात स्वतःचा स्टुडिओ थाटून बसलेला. तिशी उलटलेला आणि अजून बिनलग्नाचा! सातवा फोटो कळव्याच्या पुलावरचा निघाला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन वाजता मंडळाचे सेक्रेटरी गुणाजी मोरे फोटो न्यायला आले. पोपटरावांनी बाकीची पाकिटं दिली आणि म्हणाले, "सुमेधाचा रोल खराब निघाला. एकही फोटो आला नाही."

"तुमच्या हातून?" गुणाजींचा विश्वास बसेना.

"माझ्या हातून नव्हे. कॅमेऱ्यात भरतानाच रोलला उजेड लागलाय," पोपटरावांनी ठोकून दिलं. सुमेधाचं पाकीट तेव्हा त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. पोरगी बाद झाली की धावण्याचं खूळ आपोआप उतरेल आणि चंदूकडे आपण नंतर बघून घेऊ, असा त्यांचा हिशोब. लेक रडेल हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी ते केलं, हे सांगितलंच पाहिजे.

सव्वाचारला स्टुडिओचं दार उघडलं आणि कलावती आत आली. तेरा वर्षांनी ती त्या पायरीवर चढली होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं पोपटराव ऑर्डरीवर गेले की स्टुडिओ तीच सांभाळायची. मग एक गृहस्थ महिन्यात तिसऱ्यांदा पासपोर्ट फोटो काढायला आले, आणि पोपटरावांनी बायकोला सांगितलं, उद्यापासून तू घरीच बस. ती बसली.

"रोल खराब झाला म्हणे," ती म्हणाली.

"भरताना उजेड लागला."

"लागेल कसा? मी भरलाय तो."

पोपटरावांनी ड्रॉवरकडे बघितलं.

"फोटोही मीच काढले. सहा महिने पोरीबरोबर पळतेय मी, तिचा जुना ट्रॅकसूट आणि टोपी घालून. घंटाळीच्या देवळाला बाहेरूनच नमस्कार. तुम्हाला सांगितलं असतं तर पळू दिलं असतंत?"

पोपटरावांनी ड्रॉवर उघडून पाकीट टेबलावर ठेवलं. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

"कोण वाटलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"चंदू," ते पुटपुटले. "पाय कापलेले नव्हते म्हणून. ते त्याला मी शिकवलेलं."

"तुम्ही?" कलावती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "अहो, तुम्ही सदानकदा लग्नांच्या ऑर्डरीवर. चंदूला सगळं मी शिकवलं."

एवढं बोलून ती पाकीट उचलून निघाली. पोपटराव दुकान तसंच उघडं टाकून तिच्या मागे गेले. बायको झपाझप पुढे, आणि त्यांना नाक्यापर्यंतच धाप लागली. शरम वाटत होती, आणि बायको मागे वळूनही बघत नाही याचं वाईटही वाटत होतं.

मंडळाच्या पटांगणात सगळे निकालासाठी जमले होते. कलावतीने पाकीट टेबलावर ठेवलं आणि बोलायचं काम नवऱ्यावर सोडून ती बाजूला उभी राहिली.

"रोल चांगला होता," पोपटराव गुणाजींना म्हणाले. "मी खोटं बोललो."

गुणाजींनी घड्याळ बघितलं, पाचला दहा कमी होते, आणि त्यांनी पाकीट इतर पाकिटांत ठेवलं.

सुमेधा पुढे आली. रडून तिचे डोळे सुजलेले. "का, बाबा?"

पोपटरावांनी आवाज खाली आणला. "मला वाटलं, तुझ्यासोबत कुणी मुलगा होता."

"असता, तरी धावलेले मीच ना?" ती म्हणाली, आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली.