कंडक्टरबाईंचा खेळ

आमच्या टेबलावरचा सगळ्यात तरबेज खेळाडू कोण, असं अजूनही कुणी विचारलं की लोक कायदेपंडिताचं नाव घेतात, आणि माझं डोकं फिरतं. कायदेपंडित विमा कंपनीत कारकून. नियमांचं तीनशे पानी पुस्तक त्याला तोंडपाठ, पण समोरच्याचं वाक्य पुरं ऐकण्याइतका धीर औषधालाही नाही. तरबेज होत्या त्या कंडक्टरबाई. त्यांना मी घालवलं.

खेळ साधा आहे. माझ्या फ्रेमच्या दुकानामागे काच कापायचं मोठं टेबल आहे, रविवारी दुपारी आम्ही त्याच्याभोवती बसायचो. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट मी चालवायची: समोर दरी आहे, पूल मोडलाय, पलीकडे कुणीतरी शेकोटी पेटवलीय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपला नंबर आला की ते काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार.

कंडक्टरबाई सतरा वर्षं बसवर आहेत. फासे त्यांच्यावर कायम रुसलेले, आणि नियमांच्या बाबतीत तर आनंदीआनंदच. पण गर्दीत कुणाचं तिकीट राहिलंय ते हेरणारी त्यांची नजर टेबलावरही तशीच फिरायची. कायदेपंडिताची राक्षस मारायची धांदल चाललेली असायची, आणि या आपला नंबर खर्चून दादाला विचारायच्या, "काय नावाडी, पाण्याचा रंग बदललाय का हो?" मग नावाडी बोलायचा. आणि तो बोलला की गोष्ट अशी वळायची, की माझी आठवडाभराची तयारी पाण्यात जायची.

नावाडी हे दादाचं पात्र, आणि दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याच्या काचा घासतो. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हात वाचले, डोकं शाबूत राहिलं, शब्द मात्र उशिरा यायला लागले. घरी वहिनी त्याचं वाक्य पुरं करते, कामावर मालक करतो. प्रेमानेच करतात, त्यामुळे त्याला रागावताही येत नाही. हळूहळू त्याने बोलणंच सोडलं होतं. आठवड्यातून एकदा, याच टेबलावर, तो स्वतःचं वाक्य स्वतः संपवायचा. बोलत राहिला तर सुधारेल, थांबला तर आहे तेही जाईल, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

एका रविवारी कायदेपंडिताने वाळूचं घड्याळ आणलं. प्रत्येकाला एक मिनिट, वाळू संपली की नंबर गेला. खेळ फार रेंगाळतो म्हणे. मी मान डोलावली. मलाही गोष्ट वेळेत संपवायची घाई होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी दरी ओलांडायची होती. दादाचा नंबर आला. "मी... दोर..." म्हणून तो अडकला. कपाळावर घाम आला होता, पण डोळे चमकत होते. त्याला काहीतरी सुचलं होतं. वाळू संपत आली तशी कंडक्टरबाईंनी हात पुढे करून घड्याळ आडवं केलं.

"गाडी उभी आहे," त्या म्हणाल्या. "माणूस चढतोय."

कायदेपंडित भडकला. हा सरळसरळ नियमभंग, बाईंचा नंबर रद्द, दादाचाही रद्द, आणि सूत्रधाराने आत्ताच्या आत्ता निकाल द्यावा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाही बघत होता. त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. "नंबर गेला."

दादाने तोंड मिटलं. बाईंनी पिशवी उचलली, खुंटीवरचा त्याचा कोट त्याच्या हातात दिला, आणि दोघं निघून गेले. कायदेपंडिताने दरी ओलांडून सात राक्षस मारले. मला त्या फाशांच्या खडखडाटाची शिसारी आली होती, तरी मी निर्लज्जासारखा आकडे वाचत बसलो.

आता बाई दर गुरुवारी सकाळची ड्युटी आटोपून दादाच्या घरी जातात. तिथे खेळ चालतो. वहिनीला त्यांनी मुक्या राणीचं पात्र दिलंय. दोन तास अवाक्षर काढायचं नाही. मला हे दोन वर्षांत सुचलं नाही. याला म्हणतात खेळाडू.

गेल्या गुरुवारी मी जिना चढून गेलो. दाराबाहेर उभा राहिलो. आत दादा बोलत होता, अडखळत, थांबत, पण बोलत होता, मध्येच हसलासुद्धा. मी कडी वाजवली. दार त्यानेच उघडलं. मी सांगितलं, कायदेपंडिताला हाकलून दिलंय, घड्याळ फोडून टाकलंय, आता मलाही एखादं पात्र द्या, कसलंही चालेल. मग त्याच्या उत्तरासाठी थांबलो. कितीही वेळ लागला तरी थांबायचं, असं ठरवूनच आलो होतो.

"तू नको," दादा म्हणाला. एका दमात, जराही न अडखळता.