गाठींवर लावलेली हळद

आमच्या घरी पहिली भाकरी गाईची. खानदेश सोडून गुजराती मुलखात, भेस्तानला आलो, तरी सासूबाईंनी हा नेम मोडला नाही. तांबड्या रंगाची एक मोकाट गाय रोज सकाळी गेटपाशी येई. माझी पाच वर्षांची लेक तिला भाकरी भरवी, पाठीवरून हात फिरवी आणि तोच हात डोळ्यांना लावी. हे तिला मीच शिकवलं होतं. एकदा गाईच्या अंगावर गाठी दिसल्या. मला वाटलं, काहीतरी चावलं असेल. मी वाटीत हळद कालवली आणि लेकीच्याच हाताने त्या गाठींवर लावली. पुण्य तिच्या पदरात पडावं, एवढं माझं शहाणपण!

दोन दिवसांनी गल्लीत कळलं, गुरांना लम्पी झालाय, अंगावर गाठी येणारा रोग. त्याच आठवड्यात लेकीला ताप भरला आणि पोटावर पाण्याचे फोड उठले. सासूबाईंनी फ्रॉक वर करून पाहिलं आणि ओरडल्या. "गायना रोग लागना वं पोरले!"

लेक रडायला लागेपर्यंत मी तिचे हात साबणाने घासत राहिले. तेवढ्यात गाय आली. मान खाली, तोंडातून लाळ गळत होती. ती पाण्याच्या बादलीकडे सरकली, तशी मी काठी घेऊन धावले. दोन हाणल्या आणि गेट लावून घेतलं.

नवरा शेजारच्या सचिन गावातल्या कापडाच्या लूमवरून तसाच दवाखान्यात आला. मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं, हळदीसकट. त्यांनी फोड नीट पाहिले. "बेन, आ तो अछबडा छे. कांजण्या. या माणसाकडूनच माणसाला येतात."

कानबाईच्या सणाला नणंदेचा मुलगा अंगावर खपल्या घेऊन आला होता, ते तेव्हा आठवलं.

"पण गाईचा रोग?" मी पुन्हा विचारलं.

ते नवऱ्याकडे वळले. "एका लूमचा पार्ट दुसऱ्या बनावटीच्या लूमला बसतो का? तो व्हायरस गुरांच्या शरीरात वाढणारा. आपल्या शरीरात त्याला वाढताच येत नाही."

तरी रिक्षात मी लेकीचे डोळे दहा वेळा तपासले. भीती अशी ऐकत नाही.

घरी येताच बादली भरून गेटबाहेर ठेवली. सकाळी भाकरीही ठेवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही तशाच होत्या.

लेक बरी झाली. गाय का येत नाही, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. मी काठी घेऊन धावले, त्या दिवशी ती खिडकीत उभी होती.