धाकल्याचा खुळखुळा

"ह्यात धाकला न्हाई."

एवढंच म्हणायचे मास्तर, आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसा इअरफोन वायरीला धरून माझ्या काउंटरवर टाकायचे.

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल आणि हेडफोनचं दुकान आहे. काउंटरवर ठळक अक्षरांत पाटी लावली आहे : कानात घातलेला माल परत घेतला जाणार नाही. ही पाटी सगळ्या तालुक्याला वाचता येते, मास्तरांना तेवढी येत नव्हती. "ती लबाडांसाठी हाय," ते म्हणायचे. "आता लबाड मी का तुझा माल, ते आधी ठरू दे, शेठ." मला शेठ म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, पण त्या दोन अक्षरांत एवढं तिखट कालवणारे मास्तर एकटेच.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हे, बँडचे. एके काळी इकडच्या लग्नांत त्यांची क्लॅरिनेट नसली तर वरमाई रुसायची. मग डीजे आला आणि बँड मोडला. लाल कोट गेला, टोपी राहिली, राग राहिला. एका मिरवणुकीत ते सरळ डीजेच्या टेम्पोवर चढले आणि विचारू लागले, ह्यात वाजवनारा कोन हाय, त्यानं खाली उतरून तोंड दाखवावं. तोंडात गुटखा असलेल्या पोरानं बोट दाखवलं ते लॅपटॉपकडं. "त्याला वाजवायला येत न्हाई आन त्याच्यामुळं मला वाजवायला मिळत न्हाई," हे मास्तर पुढं भेटेल त्याला सांगत होते, आणि ऐकणारे हसत होते. मीही हसलो होतो. डीजेवाल्यांना वायरी मीच पुरवतो.

गाणी ऐकायला त्यांनी काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर घेतला होता. मोबाईलवर का ऐकत नाही, असं मी एकदा विचारलं. "बँडची गत सुरू असती आन मधीच फोन येऊन गॅसवाली बाई बोलती," ते म्हणाले. डोक्यावरून घालायचे मोठे हेडफोन दाखवले तर टोपी सरकते म्हणून नको. राहिले कानात खुपसायचे.

त्यांची निवड बघण्यासारखी असे. डबीवर 'एक्स्ट्रा बास' लिहिलेलं दिसलं की ते डबी उघडतही नसत. म्हैस गोठ्याच्या भिंतीला धडका देते तसलं ऐकायला मी कान धुऊन येतो का, म्हणायचे. मग रबरी टोप्यांची पाळी. त्यांच्या डाव्या कानाचं भोक उजव्याहून लहान. त्यामुळं प्रत्येक जोडीला एकीकडं लहान आणि एकीकडं मधली टोपी चढवायची, आणि ती मीच चढवायची. त्यांनी बसवली तर माझ्या मालाला दोष द्यायची सोय राहत नसे.

टोप्या बसल्या की मास्तर डोळे मिटत. उजवा पाय जमिनीवर ताल धरी. गत पुढं सरके, एका ठराविक जागी त्यांचं बोट वर जाई, सगळा चेहरा तिथं ताणला जाई. मग डोळे उघडत, आणि उंदीर काउंटरवर.

ह्या धाकल्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भांडताना.

धाकला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. बँडमध्ये तो खुळखुळा वाजवायचा. बँडमध्ये ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्या हातात खुळखुळा देतात. लग्नातली पोरं त्याच्यामागं हात हलवत फिरतात. एका लग्नात भर मांडवात, गत ऐन रंगात असताना मास्तरांना वाटलं की हा तालाला चुकला. त्यांनी वाजवता वाजवता क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि त्याच्या कानाखाली दिली. वऱ्हाड हसलं. गत पुढं वाजली. धाकल्यानं खुळखुळा तिथंच खाली ठेवला, दुसऱ्या वर्षी बायकोबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, आणि तिकडंच काविळीनं संपला.

मास्तर एवढी वर्षं म्हणत आले, चुकला म्हणून मारला. पण मागं कुणाच्या तरी दहाव्याला त्यांचा जुना ताशेवाला भेटला. तो म्हणाला, मास्तर, आता तुमचं-माझं वय झालं म्हणून सांगतो, त्या दिवशी धाकला चुकला नव्हता. मास्तरांनी तिथंच त्याची गचांडी धरली. घरी आले आणि ट्रंक उपसली. त्या लग्नात नवरीच्या मामानं टेपरेकॉर्डरवर गत भरून घेतली होती आणि त्याची कॅसेट मास्तरांना दिली होती. ती घेऊन ते माझ्याकडं आले, कारण जुन्या कॅसेटी प्लेअरमध्ये भरून द्यायचं कामही मी करतो.

"चुकला कोन, तेवढं मला ऐकायचंय," ते म्हणाले. "आन तुझ्या ह्या भंगारात ताशा येतो, ढोल येतो, मी येतो. धाकलाच तेवढा येत न्हाई."

मी नगरहून एकापेक्षा एक चांगल्या जोड्या मागवल्या. प्रत्येक वेळी तेच. मला राग येऊ लागला. तुम्ही दुकानात बसून पाहा, म्हणजे कळेल. गिऱ्हाईक उभं असतं, आणि एक म्हातारा तुमच्या नव्या कोऱ्या मालाला सगळ्यांदेखत भंगार म्हणतो. त्याहून जास्त राग यायचा तो त्यांच्या खात्रीचा. मला मनातून ठाऊक होतं की दोष इअरफोनचा नाही. उभा जन्म ताशाशेजारी काढलेल्या माणसाचे कान म्हातारपणी बारीक आवाज सोडून देतात. खुळखुळ्याचा आवाज बारीक. हिशोब सरळ होता.

बाजारचा दिवस होता. दुकान भरलेलं. मास्तरांनी सगळ्यात भारी जोडी काउंटरवर टाकली आणि म्हणाले, "शेठ, तू इमान इकलंस. आता दुकान तरी कशाला ठेवतो?"

माझा तोल गेला. मी म्हणालो, "मास्तर, माल चांगला आहे. तुमचे कान गेलेत. कान तपासा जा, मग माझं इमान तपासा."

कुणीतरी फिस्कन हसलं. मग सगळेच हसले. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिवी येईल. त्यांनी टोपी नीट केली आणि ते पायऱ्या उतरून गेले. प्लेअर काउंटरवरच राहिला.

गर्दी ओसरल्यावर मी तो कानाला लावला. माझंच खरं आहे याची खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. गत सुरू झाली. क्लॅरिनेट, ताशा, ढोल, सगळं लख्ख. एका जागी क्लॅरिनेट क्षणभर थांबते. मास्तर तिथं श्वास घेत असतील, असं मला कॅसेट भरून देताना वाटलं होतं. ती जागा गेली, गत संपली. मी पुन्हा लावली.

खुळखुळा नव्हता. माझ्या कानांनाही नव्हता.

कॅसेट अजून माझ्याकडंच होती. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं आणि मूळ कॅसेट लावली. जुन्या कॅसेटला असते ती सरसर ऐकू आली, पावट्याच्या वाळल्या शेंगांवरून वारा जावा तशी. आणि त्या सरसरीच्या आतून दुसरी सरसर, तालात चाललेली.

तेव्हा कळलं. कुणाचीही कॅसेट आली की मी कॉम्प्युटरवर तिची सरसर काढून टाकतो. 'स्वच्छ करून देतो' म्हणून त्याचा मला अभिमानही होता. भजनांच्या, भाषणांच्या, मेलेल्या माणसांच्या आवाजाच्या कॅसेटी मी अशा धुऊन दिल्या होत्या. कॉम्प्युटरला सरसर आणि खुळखुळा यातला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता. सगळ्या गतीतून मी अचूक एकच माणूस झाडून काढला होता, आणि वर त्याच्या भावाला बहिरा ठरवलं होतं.

मी ती गत पुढं ऐकली. खुळखुळा एका चालीनं चालला होता. जलद भाग आला तशी क्लॅरिनेट पळाली. ताशा क्षणभर गोंधळला आणि खुळखुळ्याला धरून राहिला. मग क्लॅरिनेट थांबली. तो श्वास नव्हता. क्लॅरिनेट पुन्हा सुरू झाली तेव्हा खुळखुळा बंद होता.

गत आहे तशी, सरसरीसकट, पुन्हा भरली आणि मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. या म्हणाले नाहीत. मी प्लेअर पुढं केला. त्याला दुकानातली सगळ्यात साधी जोडी लावली होती, डाव्याला लहान टोपी, उजव्याला मधली. दोष तुमच्या कानांचा नाही, चूक माझी आहे, काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही. इअरफोन मात्र घातले.

डोळे मिटले. पाय हलू लागला. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. कुणीतरी ओळखीचं दारात आल्यावर हलते तशी. मग ती जागा आली. बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. गत संपली तरी खाली आलं नाही.

"धाकला जाग्यावर हाय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग, "मी पळालो."

काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं, आणि त्यांना समजूत घालणाऱ्यांची किती चीड आहे हेही ठाऊक होतं.

"तू त्याला कचरा म्हनून काढलास, व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुला ठावं नव्हतं त्यो कोन." ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मला हुतं. जा आता, दुकान उघडं आसंल."

त्यानंतर मास्तर दुकानात आले नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी टाकलेल्या जोड्या अजून खालच्या खणात आहेत. त्या कुणाला विकवत नाहीत. पाटीही काढली. कॅसेट घेऊन कुणी आलं की मी आता विचारतो, सरसर ठेवू का? लोक वैतागतात. सरसर कशाला ठेवतोस, म्हणतात. मी आधी पूर्ण ऐकून घेतो, मगच हात लावतो.

मध्ये एकदा स्टँडवर मास्तर दिसले. जामखेडची गाडी लागली होती, लोक खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरत होते. ते बाकावर बसून होते, दोन्ही कानांत वायरी. क्लॅरिनेटवाल्याची बोटं मोकळी बसत नाहीत, गुडघ्यावर, पिशवीवर, कुठंही नाचतात. मास्तरांची बोटं नाचत नव्हती. उजव्या हाताची मूठ छातीशी धरली होती आणि ती बारीक, एका चालीनं हलत होती. शेजारच्या बाकावरची पोरं त्यांच्याकडं बघून हात हलवत हसत होती. मास्तर त्यांच्यावर रागावले नाहीत.

मग ती मूठ मध्येच थांबली. गत पुढं चालूच असणार, पण मूठ थांबली आणि त्यांनी ती हळूच मांडीवर ठेवली, काहीतरी खाली ठेवावं तशी.

गाडी निघून गेली. मास्तरांनी अंगठ्यानं बटण दाबलं, आणि मूठ पुन्हा छातीशी आली.