किइ ओमचा डावा गाल

किइ ओमच्या उजव्या गालावर गोंदणाच्या कड्याच कड्या, आणि डावा गाल कोरा करकरीत. मिंदातच्या त्या डोंगरावर तिच्या वयाच्या बायकांची अख्खी तोंडं गोंदलेली. हिला मात्र ‘अर्धी’ म्हटलं की ही बिचारी ओ द्यायची! बाराव्या वर्षी उजवी बाजू उरकून गोंदणाचा काटा डाव्या पापणीवर आला आणि पोरगी झटका मारून पळाली. आईनं ते कधी पोटात घातलं नाही. “मेल्यावर आपल्या माणसांत येशील तेव्हा ओळखू कशी मी तुला?” असं म्हणतच ती गेली.

नवरा मात्र गुणाचा. “तो गाल पितरांचा, हा माझा,” म्हणत कोऱ्या गालाचा मुका घ्यायचा. तोही गेला. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी किइ ओमला एकच घोर लागला होता, आई आपल्याला ओळखणार नाही.

काटा धरणारी गावात एकच उरली होती, तिची एक्याऐंशी वर्षांची नणंद हुंग लिंग. नाचणीच्या दारूचं मडकं घेऊन किइ ओम तिच्याकडे गेली.

“वन्सं, राहिलेलं पुरं करा.”

“डोकं फिरलंय का? पोरीसोरी गोंदवत नाहीत, आणि ही निघाली मसणात जाताना नटायला!”

“नटायला नाही हो. आईला तोंड दाखवायचंय.”

हुंग लिंगनं दारू ओढायची नळी तोंडातून काढली. मडक्याकडे बघत म्हणाली, “तेव्हा तुझे पाय मी धरले होते, आठवतं? तू काही झटक्यानं सुटली नाहीस. ‘आई गं’ म्हणून ओरडत होतीस, आणि आईच तुझ्या छातीवर बसलेली. मला बघवेना गं. मी सोडले पाय.”

“सहासष्ट वर्षं!” किइ ओम ताडकन उठली. “गाव मला भित्री म्हणालं, आणि तुम्ही माझ्या हातचं जेवत राहिलात?”

“घास अडकायचा माझा.”

“अडकायचा म्हणे! तीन-तीनदा वाढून घ्यायचात की!”

आठ दिवस किइ ओम तिच्या दारात फिरकली नाही. नवव्या दिवशी सकाळी येऊन चटईवर आडवी झाली. हुंग लिंगनं पाल्याच्या रसात काजळी कालवली, वेताचे काटे एकत्र बांधले.

“माझ्या भावाच्या वाटणीचा गाल ना गं हा? तो कसा ओळखणार?”

“आवाजावरून. जन्मभर बोलणी खाल्लीत त्यांनी माझी.”

“पाय धरायला बोलावू कुणाला?”

“कुणी नको.”

पापणीवर पहिला काटा बसला तशी किइ ओम कळवळली. चटईवर टाचा घासल्या गेल्या, डोळ्यातून पाणी आणि रक्त एकदमच ओघळलं. हुंग लिंगचा हात थांबला. तिचेही डोळे वाहत होते.

“राहू दे का गं?”

किइ ओमनं चाचपडत तिचं मनगट धरलं आणि काटा परत पापणीवर टेकवला.

“आता सोडलंत तर बघा.”