हातभर खाली

जव्हारात समुद्राची अक्कल कोणाला असणार? आमच्याकडचं पाणी एकच वाट जाणतं, उताराची. दाऊद कलईवाला त्याच पाण्यावर वाढलेला. भांड्यांना कलई, फुटक्या घागरीला कथलाचा डाग, छपराची पन्हळ, यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ जमाल छातीने अधू. लाकूडतोड त्याला झेपेना, म्हणून वैतरणेच्या खाडीतून संस्थानचा साग मुंबईला नेणाऱ्या गलबतावर तो लागला. काम एकच, तळात झिरपलेलं पाणी पंपाने उपसायचं. पंप नवा होता. त्यातून पाणी बाहेर टाकणारी नळी बसवायला गलबत चालवणाऱ्या तांडेलाने दाऊदलाच बोलावलं.

"नळीचं तोंड वर काढ, पार कठड्याखाली," तांडेल म्हणाला. "माल भरला का गलबत पाण्यात खाली बसतं. वाऱ्यात कलतं."

दाऊदने तसंच बसवलं. मग जमालने पंपाचा दांडा मारून पाहिला. पाणी तेवढं वर चढवताना त्याला दम लागला, तो मटकन खाली बसला. दाऊदला ते बघवेना. तांडेल किनाऱ्यावर गेल्यावर त्याने नळीसाठी फळीत पाडलेलं वरचं भोक बुजवलं आणि हातभर खाली नवं पाडलं. रिकाम्या गलबतात तेही पाण्याच्या बरंच वर होतं. दांडा आता सहज चालला. जमाल हसला. अशा मायेचा मला आजही राग येतो.

पुढच्या बाजाराला तांडेल घाट चढून जव्हारात आला. मालाने गलबत खाली बसलं होतं, वसईपुढे वाऱ्याने नळीच्याच अंगावर कललं आणि भोक पाण्यात गेलं. पंपाच्या झडपेत सागाच्या सालीचा कचरा अडकलेला, ती मिटेना. हात थांबला की समुद्र नळीतून उलटा आत येई. गलबत बुडालं. बाकीचे ओंडक्यांना धरून वाचले.

"जमालला हाका मारल्या," तांडेल दाऊदला एकटं गाठून म्हणाला. "तळातून बोलला, दांडा हलका हाय, अजून मारतो."

तांडेलाने चारचौघांत दाऊदचं नाव घेतलं नाही. दर्या खवळला, एवढंच सांगितलं. दाऊद गप्प राहता तर सुटला असता. पण तो उठून जमालच्या बायकोकडे, झरीनाकडे गेला आणि सगळं बोलून मोकळा झाला.

तिने विचारलं, "तुम्ही नळी का खाली घेतली, त्यांना ठाऊक होतं, भाई?"

"हो. मीच सांगितलं होतं."

"मग ते तुमच्या भरवशावर तळात थांबले," झरीना म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.