एक खुंटी बाकी

सूर्यकांत मेस्त्रीनं दुबईत अडतीस वर्षांत एकही काम अर्धं टाकलं नाही, आणि गावचं घर कधी पुरं होऊ दिलं नाही. ही त्याची निंदा नव्हे. घराण्याची रीतच तशी होती, आणि ती कुठून आली हे सांगायचं तर आधी जिवबा मेस्त्रीकडे जावं लागतं.

जिवबा हा सूर्यकांतचा खापरपणजा. इंग्रजांच्या अमदानीत देवगडकडच्या खाड्यांमधून गलबतं बांधली जात, तेव्हाचा. तो गलबत बांधून घरी बसणारा सुतार नव्हता, गलबताबरोबर जाणारा सुतार होता. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की तांडेल शीड उभारायचा, आणि जिवबा वाकस, पटाशी नि तेलात भिजवलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन तळाशी जाऊन बसायचा. मस्कत, बसरा, आणि वाटेतला आज जिथं दुबई-शारजा उभी आहे तो किनारा. कुठली फळी उसवली, पाणी कुठून शिरतंय, हे अंधारात हातानं चाचपायचं आणि कापूस ठोकून बुजवायचं. वरच्यांना निदान आभाळ दिसे. याच्या वाट्याला गळक्या फळ्या.

निघताना तो घरातलं एक काम मुद्दाम अर्धं ठेवी. दाराला कडी नाही, खिडकीला एक झडप नाही, असं काहीतरी. त्या कामाची एक लाकडी खुंटी कनवटीला लावून जाई. राहिलेलं काम आपल्या माणसाला ओढून आणतं, असं त्याचं म्हणणं. चौदा वर्षं आणलंही. पंधराव्या वर्षी बायको दिवसांत होती. पाळणा एका खुंटीसाठी अडला होता. ती म्हणाली, एवढा पुरा करून जा, पोर घालू कशात? जिवबानं खुंटी ठोकली आणि गेला, तो गेलाच. बुडाला, तापानं मेला की तिकडेच बिऱ्हाड थाटलं, कोणालाच कळलं नाही. गावाला कळलं ते एवढंच, की हिनं काम पुरं करायला लावलं. त्या बाईनं पुढं चाळीस वर्षं आधी सासूची, मग जावांची आणि शेवटी सुनांचीसुद्धा बोलणी खाल्ली. तिचं नाव आज कोणाला आठवत नाही. घरात तिला ‘पाळणेवाली’ म्हणतात.

सूर्यकांत सव्विसाव्या वर्षी अजमानला लाकडी गलबतांच्या कारखान्यात लागला तेव्हा जिन्यातली एक पायरी बाकी ठेवून आला होता. तो बापासारखाच अबोल आणि हाताचा पक्का. वाकशीनं तासलेली त्याची फळी रंधा मारल्यासारखी दिसे. पुढं फायबरच्या होड्या आल्या, लाकूडवाल्यांचे दिवस फिरले, आणि गलबतं बांधणारा माणूस दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये हॉटेलांची कपाटं करू लागला. लाकूड म्हणजे दाबलेला भुसा, वर कागदासारखा पापुद्रा. पोटासाठी करायचं ते त्यानं केलं, पण रात्री खोलीवर हात धुताना त्याला हातांची लाज वाटे.

दर दोन वर्षांनी सुट्टी. गेल्यावेळचं अर्धं काम पुरं करायचं आणि निघताना नवं अर्धं ठेवायचं. बायको मंजुषा शेजारणींना हसून सांगे, नवरा दुबईला म्हणून तुम्ही मला राणी समजता, आणि माझ्या न्हाणीघराच्या दाराला दोन वर्षं कडी नाही. पण तिनं कधी दुसऱ्या सुताराला उंबरा ओलांडू दिला नाही. पाळणेवालीची गोष्ट तिनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकली होती.

शेवटच्या सुट्टीत सूर्यकांतनं माळ्याच्या जिन्याचा जुना कठडा काढला आणि नवा सागवानी करायला घेतला. खाचा पाडल्या, दांडे घडवून जुडी बांधून ठेवली, एक खुंटी खिशात टाकली आणि विमानात बसला. दोन वर्षं होत आली तेव्हा फाल्गुनात मंजुषाचा फोन आला. गुडघे दुखतात, माळ्यावर चढउतार जड जाते. बाजारपेठेतला सुतार माप घेऊन गेलाय, एका दिवसात कठडा बसवून देतो म्हणतो. बसवून घेऊ का?

सूर्यकांतला राग आला. मी जिवंत असताना माझ्या जिन्याला परका हात लागतोच कसा, असं तो म्हणाला. मे महिन्यात येतोच आहे, तोवर माळ्यावर जायचं अडलंय कशाला? मंजुषा बरं म्हणाली. मग हॉटेलचं काम लांबलं, मेचा जुलै झाला. जूनमध्ये कोकमाची बरणी घेऊन उतरताना तिचा पाय घसरला. धरायला काही नव्हतं. हा पोचला तेव्हा तिसरा दिवस होता. दिवसकार्य उरकून तो परतला, कठड्याला हात न लावताच.

त्यांची एकुलती एक लेक मैथिली. तिचा नवरा सुजीत शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये फायबर बोटींच्या कारखान्यात सुपरवायझर. बिऱ्हाड दुबईतच, अल कुसैसला. गावाकडच्या शेजारणींनी मैथिलीला सांगितलं की सुतार माप घेऊन गेला होता, आणि नंतर तुझ्या आईनंच त्याला नको म्हणून कळवलं. तेव्हापासून मैथिली आईवर चिडलेली होती. मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, त्याला भांडून संपवता येत नाही. रविवारी बाबा जेवायला आले की तिच्या तोंडून निघेच: शिकलेली बाई, सातवी पास होती, आणि एका खुंटीच्या वेडापायी जीव दिला. सूर्यकांत भात कालवत राही. बोलावं असं त्याला दर रविवारी वाटे, आणि दर रविवारी तो मूग गिळून परत जाई. फोनवर झालेलं ते बोलणं दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांतलं एक आता नव्हतं. लेकीला सांगावं तर उरलेलं एकच माणूस जायचं. न सांगावं तर मंजुषा पाळणेवाली व्हायची. एक वर्ष तो या कात्रीत होता.

चौसष्टाव्या वर्षी कंपनीनं व्हिसा पुढं वाढवायचा नाही असं कळवलं. महिन्याभरात निघायचं. सुजीत म्हणाला, ‘‘बाबा, पेरेंट्स व्हिसाचं मी चेक करतो, इन्शाल्ला काहीतरी होईल.’’ होणार की नाही ते दोघांनाही माहीत नव्हतं. मैथिली म्हणाली, जायच्या आधी ईश्वरीला अभ्यासाचं टेबल करून द्या.

ईश्वरी अकरा वर्षांची नात. सूर्यकांतनं एका जुन्या ओळखीच्या गुजराती व्यापाऱ्याकडून मोडीत निघालेल्या गलबताचं सागवान मिळवलं. तीन आठवडे अल क्वोजला सुट्टीच्या दिवशी टेबल घडत होतं. एकही स्क्रू नाही, सगळं खाचेत खाच आणि खुंटीवर. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिथं स्वतःच्या माणसासाठी लाकूड हातात घेतलं होतं. शेवटच्या शनिवारी टेबल पिकअपमधून अल कुसैसला आलं आणि वर मैथिलीच्या घरात चढलं. सुजीतनं कडेवरून हात फिरवला.

‘‘बाबा, हे बाहेर घ्यायला गेलो ना तर मिनिमम अठराशे दिरहॅम. म्हणजे त्रेचाळीस हजार रुपये,’’ तो म्हणाला.

ईश्वरी टेबलाखाली शिरली होती. तिथून तिचा आवाज आला, ‘‘आजोबा, देअर इज अ होल हिअर. समथिंग इज मिसिंग.’’

मागच्या डाव्या पायाला, आडव्या पट्टीच्या सांध्यात, एक भोक रिकामं होतं.  सूर्यकांतचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, आणि तो मैथिलीनं पाहिला.

तिनं ईश्वरीला आणि सुजीतला खाली दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. दार लागलं तशी ती टेबलाच्या कडेला टेकली. आवाज चढवला नाही. एवढं झाल्यावरसुद्धा तुम्ही हेच करता, असं ती म्हणाली. आई त्या वेडापायी गेली, आणि आता माझ्या पोरीच्या टेबलाला तुम्ही तेच वेड ठोकून चाललात.

‘‘ती वेडी नव्हती,’’ सूर्यकांत म्हणाला.

‘‘मग सुताराला का परत पाठवलं तिनं?’’

बाल्कनीतल्या एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. सूर्यकांतला एकदा वाटलं, आजचा दिवस जाऊ द्यावा. परवा विमान आहे, मग फोनवर बघू. पण फोनवरच तर सगळं झालं होतं.

‘‘तिनं मला विचारलं होतं, बाय. फाल्गुनात. बसवून घेऊ का म्हणाली. गुडघे दुखतायत म्हणाली. मीच नको म्हटलं.’’ तो थांबला. ‘‘रागावलो तिच्यावर. तिचं काही चुकलं नाही.’’

 मैथिली रडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्यांची कणीक मळायला घेतली. सुजीत नि ईश्वरी आले, जेवणं झाली. तिनं बापाला वाढलं, भाजी हवी का विचारलं, पण नजर वर केली नाही. एका वर्षाचा आईवरचा राग तिला एका दुपारीत परत घ्यायचा होता, आणि तो ज्याच्यावर ठेवायचा तो समोर जेवत बसला होता.

निघायच्या दिवशी सकाळी सूर्यकांत खोली सोडून बॅगा घेऊन अल कुसैसला आला. विमान दुपारचं होतं. ईश्वरी शाळेत गेली होती. सुजीत गाडी काढायला उतरला. मैथिलीनं दाराशी दही-साखर बापाच्या हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला. सगळं रीतसर झालं. सूर्यकांतनं चप्पल पायात घातली.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘ती खुंटी बसवून जा.’’

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

‘‘मला पाळणेवाली म्हटलं तरी चालेल. यायचं असेल तर तिकीट काढून या, दार उघडं आहे. आत्ता माझं तुमच्याशी बोलायला मन होत नाही, होईल की नाही सांगता येत नाही. पण आई जिन्याकडे बघत बसली तशी मी त्या भोकाकडे बघत बसणार नाही.’’

सूर्यकांतनं चप्पल काढली. बॅगेची चेन उघडून लाकडी हातोडी नि पटाशी बाहेर काढली, आणि गुडघ्यावर हात ठेवत टेबलाखाली बसला. खिशात दोन खुंट्या होत्या. त्यानं बोटानं जाडी चाचपून टेबलाची वेगळी काढली. भोकावर धरली. असल्या हजारो खुंट्या त्यानं ठोकल्या होत्या, पण ही त्यानं दोनदा काढून पुन्हा धरली. एकदा बसलेली सागाची खुंटी सांधा फोडल्याशिवाय निघत नाही. त्यानं तीन ठोके दिले. मैथिली मागे उभी राहून ऐकत होती. बाहेर आलेलं टोक त्यानं पटाशीनं तासलं, अंगठा फिरवून बघितला, आणि खाली पडलेली ढलपी उचलून खिशात टाकली.

‘‘झालं,’’ तो म्हणाला.

‘‘सांभाळून जा,’’ ती म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.

गाडीत सुजीत कसली कसली माहिती देत होता, व्हिसाची, डिपॉझिटची. सूर्यकांत हो हो करत होता. त्याचा हात पुन्हा खिशात गेला. आता तिथं एकच खुंटी होती, जिन्याच्या कठड्याची. तीन वर्षं अंगावर वागवून ती गुळगुळीत झाली होती. उद्या घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी तो कठडा बसवणार होता. दांडे तयार होते, खाचा तयार होत्या, तासाभराचं काम. घराण्यात त्या पाळण्यानंतर प्रथमच घरातलं सगळं पुरं होणार होतं, आणि त्या कठड्याला धरून खाली उतरायला कोणी नव्हतं.